धमनीच्या आत डोकावताना

‘ताई, आमच्या हिच्या छातीत परत दुखतंय,’ शेजारच्या काकांचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. गॅस बंद केला, पर्स उचलली नि निघाले. चारकोपच्या आमच्या वसाहतीत महिला मंडळाचं काम करते, त्यामुळे अशा वेळी पहिलं बोलावणं मलाच.

काकूंना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला. तरी आठवडाभर ‘पित्त झालंय गं’ म्हणत जिऱ्याचं पाणी पीत होत्या. आपण बायका दुसरं काय करतो म्हणा!

अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, ‘जुन्या स्टेंटमध्येच अडथळा आहे. ओसीटी केली तर कारण कळेल, पण खर्च वाढेल.’ स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये मर्यादा घातली, या तपासणीचे पैसे मात्र वेगळे. काका माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी पडले आर्ट्सची! सरळ म्हटलं, ‘डॉक्टर, आम्हाला कळेल असं सांगा.’

त्यांनी छान समजावलं. अँजिओग्राफीत धमनीत सोडलेल्या डायची नुसती सावली दिसते, भिंत दिसत नाही. ओसीटीत जेमतेम एक मिलिमीटर जाडीची नळी आत जाते. तिच्यातून अवरक्त प्रकाश भिंतीवर पडतो नि परतलेल्या प्रकाशातून चित्र तयार होतं. रक्त मध्ये आलं तर काही दिसत नाही, म्हणून डायने ते क्षणभर बाजूला सारायचं नि दोन-तीन सेकंदांत सगळं टिपायचं. 10 ते 20 मायक्रॉनचा बारकावा! डोळ्याच्या पडद्याची ओसीटी करतात ना, त्याच जातीची ही. मूत्रपिंड कमजोर असेल तर डाय जपून वापरावी लागते. काकूंचं क्रिएटिनिन ठीक होतं. काकांनी सही केली.

निघालं काय? जुना स्टेंट एका जागी नीट फुललाच नव्हता. मागे कॅल्शियमचा कडक थर. तेव्हा कुणी आत बघितलंच नव्हतं, याचा मला खरंच राग आला. साध्या ब्लॉकला ही तपासणी लागेलच असं नाही, पण गुंतागुंतीच्या ब्लॉकसाठी 2024 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तिची ठाम शिफारस आहे.

आणि मैत्रिणींनो, हार्ट अ‍ॅटॅक येऊनही अँजिओग्राफी ‘क्लीअर’ निघणं बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त घडतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा बायकांची ओसीटी आणि हृदयाचा एमआरआय केला, तर बहुतेकींमध्ये कारण सापडलं. म्हणजे ‘मनाचे खेळ’ नव्हते ते!

जास्त दाबाच्या फुग्याने काकूंचा स्टेंट नीट बसवला. वॉर्डात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, ‘किती झाले गं?’

मी बिल गुपचूप पर्समध्ये सरकवलं.