ओठांजवळचा माइक

विमानातल्या हेडसेटचा माइक ओठांपासून सहा-सात मिलिमीटरवर हवा; तोही तोंडासमोर नव्हे, ओठांच्या कोपऱ्याशी. बारामतीत विमान शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगते. ती मान डोलावतात, माइक हनुवटीखाली ढकलतात आणि इंजिन सुरू झालं की ओरडायला लागतात.

ओरडून काही साधत नाही. आमच्या कवठे महांकाळकडं द्राक्षबागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक जाते. मीही तशा मोकळ्या आवाजातच वाढले. पण या माइकला मोठा आवाज नको, जवळचा हवा. त्याला पुढून आणि मागून, दोन्हीकडून छिद्रं असतात. इंजिनाची घरघर लांबून येते, आतल्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दाब देते, म्हणून ती बरीचशी आपोआप मरते. ओठांजवळचा शब्द पुढून जोरात आदळतो, मागं फारच कमी पोचतो, म्हणून तो टिकतो. माइक दोन बोटं लांब गेला की तुमचं बोलणंही घरघरीसारखंच मारलं जातं. बोलायची बाजू ओठांकडंच हवी. काही माइकवर तशी खूण असते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिली आहे. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकला की सूर खुलतो. माइकची दांडी वळवताना हात तितकाच हलका लागतो.

पूर्वी विमानात कोळशाच्या कणांचे माइक असत. त्यांना रेडिओकडून थोडी वीज द्यावी लागे. आजचे इलेक्ट्रेट माइकही त्याच वायरीतून येणाऱ्या विजेवर चालतात, त्यामुळं नवा हेडसेट जुन्या विमानातही बोलतो. प्लग दोन असतात: ऐकण्याचा जाड, माइकचा किंचित बारीक. बारीक प्लग अर्धवट बसला तर रेडिओवर बोलायचं बटण दाबूनही आवाज जात नाही. बिघाडाची शंका आली की मी आधी तो प्लग शेवटपर्यंत दाबून बघते.

खोलीतल्या शांततेत केलेली चाचणी अपुरी. इंजिन चालू असताना विमानातल्या विमानात बोलायच्या इंटरकॉमचा स्क्वेल्च, म्हणजे घरघर अडवणारी खुंटी, फिरवायचा आणि घरघर जिथं नुकतीच बंद होते तिथंच थांबायचं. त्याहून पुढं गेलात तर वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो. काही माइकवर आवाज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो; त्याला सगळ्यांत शेवटी हात लावावा.

इंटरकॉमवर स्वतःचा आवाज छान आला म्हणजे तो रेडिओवर गेला, असं मात्र नाही. त्यासाठी रेडिओ चेक. ऐकणारा एक ते पाच यांतला आकडा सांगतो: एक म्हणजे काहीच कळत नाही, तीन म्हणजे कष्टानं कळतं, पाच म्हणजे अगदी स्वच्छ. तिनावर मी विद्यार्थ्याला उडू देत नाही.

आणि बटण. विमानांच्या रेडिओवर दोघं एकाच वेळी बोलले तर ऐकणाऱ्याला बऱ्याचदा शब्दांऐवजी शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफला दोन जंबो जेट धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती. त्यांतलं एक म्हणजे टॉवर आणि एक विमान एकाच क्षणी बोलले आणि दुसऱ्या विमानात त्या मोक्याच्या शब्दांवर कर्कश शिट्टी वाजली. बटण दाबलेलंच अडकलं तर एकच विमान सगळ्यांची वाट अडवतं. म्हणून बोलून झाल्यावर बोट उचलायचं आणि रेडिओवरची प्रक्षेपणाची खूण विझली का, ते डोळ्यांनी बघायचं.