लॅब्रॅडॉरला काम द्या

ठाण्याच्या नौपाड्यात सकाळी सहा-साडेसहाला घंटाळी, विष्णूनगर, भास्कर कॉलनीच्या गल्ल्यांतून चक्कर मारली तर दूधवाले-पेपरवाल्यांच्या जोडीने लॅब्रॅडॉर भेटतात. पिवळट, काळे, एखादा चॉकलेटी. शेपूट सतत हलती, अनोळखी माणसाशीही सलगी. पण बारकाईने पाहिले तर यातल्या अनेकांना कंबर उरलेली नसते आणि चालताना मागचे पाय फाकतात. कोपऱ्यापर्यंत एक फेरी, दोन-चार खांब हुंगणे, की परत लिफ्टने वर. उरलेला दिवस दोन-तीन खोल्यांत. मग चपला कुरतडल्या जातात, सोफ्यातला फोम बाहेर येतो, बेल वाजली की पाहुण्याच्या छातीवर पंजे पडतात. "फार मस्तीखोर आहे हो," असे घरचे कौतुकमिश्रित वैतागाने सांगतात. मला तो मस्तीखोर वाटत नाही. तो बेकार बसलेला आहे.

ही जात मुळात कामाची. कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर थंड पाण्यात उतरून दोर आणि सुटलेली मासळी ओढून आणणारे कुत्रे हे तिचे पूर्वज. एकोणिसाव्या शतकात माल्म्सबरी आणि बक्ल्यू या ब्रिटिश सरदार घराण्यांनी ते इंग्लंड-स्कॉटलंडला नेऊन जोपासले आणि शिकारीत पडलेला पक्षी दात न लावता आणून देण्याच्या कामाला जुंपले. तिथल्या केनेल क्लबने १९०३ मध्ये या जातीला मान्यता दिली. माणसाकडे पाहत राहायचे, त्याने दाखवलेल्या दिशेला धावायचे, तोंडात धरून आणायचे आणि पुढच्या हुकमाची वाट पाहायची, हे त्याच्या रक्तात आहे. तुमचा मोजा पळवणारा कुत्रा तेच करत असतो, फक्त तो मोजा आण असे कोणी सांगितलेले नसते.

हे काम किती उंचीला जाऊ शकते ते मुंबई-ठाण्याच्या लोकांना तरी सांगायला नको. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या 'जंजीर' या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिल्याची नोंद आहे. त्याचे शिक्षण पुण्याला, शिवाजीनगरच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी इतमामाने त्याला निरोप दिला. २६/११ च्या वेळी मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार लॅब्रॅडॉर स्फोटके हुडकत फिरत होते. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका फार्मवर राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात भारताच्या एनडीआरएफ या आपत्ती-बचाव दलाबरोबर गेलेल्या ज्युली आणि रोमिओ यांनी ढिगाऱ्याखालच्या सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला. तेही लॅब्रॅडॉर. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीची जिलानी इमारत कोसळली तेव्हाही एनडीआरएफच्या पथकाबरोबर कुत्रे होते. ठाणे जिल्ह्यात हा विषय लांबचा नाही.

असल्या कुत्र्यांच्या शिक्षणात वास ओळखण्याइतकेच महत्त्व अंगाच्या तोलाला असते. अरुंद फळीवरून चालणे, शिडी चढणे, बोगद्यातून सरकत जाणे, खाली हलणाऱ्या जमिनीला न घाबरणे. हाच भाग खेळ म्हणून वेगळा काढला की अ‍ॅजिलिटी होते.

या खेळाचा जन्म अगदी अलीकडचा. तेव्हा लंडनमध्ये भरणाऱ्या क्रफ्ट्स या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनात १९७८ मध्ये दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढायचा होता. समितीतले जॉन व्हार्ली यांना घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून कल्पना सुचली, पीटर मीनवेल या प्रशिक्षकाने कुत्री तयार केली, आणि प्रेक्षकांनी ही कल्पना इतकी उचलून धरली की १९८० मध्ये केनेल क्लबने नियम बांधून दिले. पुढे १९९६ पासून जागतिक स्पर्धाही सुरू झाल्या. मैदानात उड्यांचे आडवे बांबू, बोगदा, टायर, सी-सॉ, उंच फळी आणि इंग्रजी 'ए'च्या आकाराची चढण असते. परीक्षक दर वेळी मांडणी बदलतो. मालकाला ती आधी एकट्याने चालून पाठ करायला थोडी मिनिटे मिळतात. मग कुत्रा मोकळा धावतो. पट्टा नाही, हातात खाऊ नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. आवाज आणि स्वतःचे अंग, एवढेच मालकाजवळ उरते.

दोन अडथळे मला फार आवडतात. पहिला बारा काठ्यांचा. साठ-साठ सेंटिमीटरवर उभ्या काठ्या, त्यांतून नागमोडी जायचे. कुठल्याही कोनातून आला तरी पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडेच राहायला हवी. भरधाव आलेला तीस किलोचा लॅब्रॅडॉर तिथे वेग आवरतो, खांदा वळवतो आणि अचूक फटीत शिरतो, तेव्हा त्या डोक्यात चाललेला हिशेब दिसतो. दुसरा अडथळा म्हणजे फळीच्या टोकाचा पिवळा पट्टा. उतरताना त्यावर पंजा टेकलाच पाहिजे, नाहीतर गुण कापले जातात. हा नियम कुत्र्याच्या भल्यासाठी आहे, कारण उंचावरून थेट जमिनीवर झेप घेतली तर सगळा भार खांद्यांवर येतो. म्हणून बरेच प्रशिक्षक 'दोन वर, दोन खाली' शिकवतात. मागचे पाय फळीवर, पुढचे जमिनीवर, आणि तिथेच थांबायचे.

स्पर्धांत बहुतेक वेळा बॉर्डर कॉली जातीची कुत्री जिंकतात. लॅब्रॅडॉर त्यांच्यापुढे जड पडतो, हे मान्य करूनच या खेळाकडे यावे. सेकंद मोजण्यासाठी नौपाड्यातल्या कोणी यात पडू नये. कुत्रा आणि माणूस एकमेकांचे ऐकू लागतात, त्यासाठी पडावे. आणि सुरुवातीला त्याला मैदान लागत नाही.

आमच्या घरात आमच्या लॅब्रॅडॉरच्या, ब्रूनोच्या, शिकवणीचे सामान म्हणजे देवघरातला जुना पाट, एक केरसुणीचा दांडा, दोन जाड शब्दकोश आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या. सुरुवात पाटापासून. कुत्र्याला पुढच्या पायांचे भान असते. मागचे पाय मात्र नुसते मागून येतात. पुढचे दोन पंजे पाटावर ठेवायला लावायचे आणि आपण त्याच्या खांद्याकडे अर्धे पाऊल सरकायचे. तो गोंधळतो, पाटावरून उतरतो, पुन्हा चढतो. मग कधीतरी पुढचे पंजे जागेवर ठेवून मागचा एक पाय बाजूला टाकतो. त्याच क्षणी "हो!" म्हणायचे आणि दाणा द्यायचा. अर्धा सेकंद उशीर झाला तर बक्षीस दुसऱ्याच हालचालीला मिळते. हळूहळू पाटाभोवती पूर्ण गोल होतो. मग उलटे चालणे, मग शब्दकोशांवर टेकवलेला दांडा ओलांडणे, इतका खाली की उडी लागूच नये. बाटल्या ओळीने मांडल्या की काठ्यांचा धडा.

तो नेमका क्षण टिपणारा छोटा आवाज ही या पद्धतीची किल्ली आहे. समुद्री डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी ती कुत्रेवाल्यांपर्यंत पोचवली. डॉल्फिनला साखळी बांधून ओढता येत नाही, रागावलो तर तो पोहून निघून जातो. शिकवायचे तर त्याला हवेसे वाटले पाहिजे. लॅब्रॅडॉरलाही हेच लागू आहे. वर्तमानपत्राची सुरळी, आवळणारी साखळी, नाक जमिनीला घासणे हे सगळे मी आजही सोसायट्यांत पाहते आणि मला त्याचा संताप येतो. घाबरलेला कुत्रा गप्प बसतो, शिकत नाही.

मराठी घरात एक अडचण हमखास येते. आजी "बस" म्हणते, बाबा "सिट" म्हणतात, नातू "सिट डाऊन" म्हणतो, आणि "डाऊन" म्हणजे झोपून राहा असेही कुणीतरी शिकवलेले असते. भाषा कुठलीही चालेल, पण एका गोष्टीला एकच शब्द हवा. घरातल्या सर्वांनी बसून यादी करावी आणि फ्रिजवर चिकटवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुत्रा शब्दाआधी आपला खांदा आणि पाऊल वाचतो. तोंडाने "उजवीकडे" म्हणत आपण डावीकडे वळलो तर तो डावीकडेच जाणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पाऊस लागला की वासाचे खेळ. गोळ्यांच्या रिकाम्या डबीच्या झाकणाला भोके पाडायची, आत चार लवंगा, झाकण चिकटपट्टीने बंद. आधी ती डबी समोर, मग पडद्यामागे, मग बुटांच्या खणात. अमेरिकेत वास शोधण्याच्या स्पर्धांत लवंगेच्या तेलाचाही वास वापरतात. दहा मिनिटे हुंगत फिरलेला लॅब्रॅडॉर अर्ध्या तासाच्या फेरीनंतर झोपणार नाही इतका गाढ झोपतो.

आता खाणे. इथे मी कडक बोलणार आहे, कारण आपण प्रेमाने त्यांचे नुकसान करतो. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. मदतनीस कुत्र्यांच्या त्यांनी तपासलेल्या गटात हे प्रमाण तीन चतुर्थांश होते. बहुधा खाण्यासाठी काहीही शिकायला तयार असल्यामुळे असे कुत्रे निवडले गेले असावेत. २०२४ च्या पुढच्या अभ्यासात दिसले की हे कुत्रे जेवणांच्या मध्ये जास्त भुकेले असतात आणि विश्रांतीत ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च करतात. म्हणजे तुमच्याकडे करुण नजरेने पाहणारा लॅब्रॅडॉर नाटक करत नाही, त्याला खरेच भूक लागलेली असू शकते. तरीही द्यायचे नाही. ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे मिळत होते. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. शिकवणीतले दाणे रोजच्या वाटीतूनच काढा. तूप लावलेली पोळी, दिवाळीची चकली बंद. मनुका, द्राक्षे, कांदा, लसूण, चॉकलेट तर विषच. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हाताला सहज लागाव्यात, आणि वरून पाहताना कंबर दिसावी.

सांध्यांबाबत या जातीचे दुखणे जुने आहे. मांडीच्या खुब्याचा आणि कोपराचा सांधा नीट न बसणे हे तिच्यात सर्रास आढळते. म्हणून साधारण दीड वर्षाचा होईपर्यंत खऱ्या उड्या नकोत, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हो म्हटल्यावरच. पुनर्विकासात उठलेल्या नव्या इमारतींतल्या गुळगुळीत लाद्या हा आणखी एक शत्रू. पिल्लू त्यावर रोज घसरते आणि खुबे झिजवते. जाण्या-येण्याच्या वाटेवर रबरी चटया टाका. नखे वेळेवर कापा.

ठाण्याच्या हवेचेही भान हवे. कुत्रा धापा टाकून, जिभेवरचा ओलावा उडवून अंग थंड करतो. मे महिन्यात, आणि पावसाआधीच्या दमटपणात तर जास्तच, तो ओलावा उडत नाही. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले की खेळ तिथेच थांबवून अंगावर पाणी ओतायचे आणि दवाखाना गाठायचा. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही तिथे नकोत. पावसाळ्यात वंदना डेपोच्या बाजूला पाणी तुंबले की त्यातून त्याला नेऊ नका. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याकडून माणसालाही होतो. त्याची लस कुत्र्याला दर वर्षी द्या. गोचिड्या कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत रोज शोधा.

राहिली जागा. कुत्रा पाळायला सोसायटी मनाई करू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. पण हक्काबरोबर पालिकेचा परवाना, अँटी-रेबीजची लस आणि खिशात विष्ठा उचलायची पिशवी हेही आले. शेजारच्या आजींचा पाय घाणीत पडला तर शिकवणीसाठी गच्चीची किल्ली कोणी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. गावदेवी मैदानावर मुलांच्या क्रिकेटमध्ये कुत्री मोकळी सोडा असे मी म्हणणार नाही. हैदराबाद महापालिकेने मात्र २०१८ मध्ये कोंडापूरला खास कुत्र्यांसाठी उद्यान उघडले, त्यात अडथळ्यांची साधनेही आहेत. ठाणे महापालिकेने एखाद्या उद्यानाचा कोपरा कुंपण घालून, सकाळच्या दोन तासांपुरता दिला तरी पुरेल. नौपाड्यातल्या कुत्रेवाल्यांनी परवान्यांच्या प्रती जोडून ही मागणी एकत्र लेखी करावी.

आणि पिल्लू अजून आणलेच नसेल तर त्याआधी घरात एक गोष्ट ठरवा. फेरी वेगळी, पण शिकवणीची रोजची वीस मिनिटे कोण देणार, त्याचे नाव ठरवा. ते ठरत नसेल तर लॅब्रॅडॉर आणू नका.