एंट्री कोण करणार?

‘माल रॅकवर आहे, पण सिस्टीमला दिसत नाही.’ नवी ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर यंत्रणा, बसवलेल्या कारखान्यात पहिल्या महिन्यात हे वाक्य हमखास कानावर येतं. भोसरी असो, वाळूज असो की शिरोली, चित्र तेच. गाडी गेटवर खोळंबलेली, डिस्पॅचवाला स्टोअरकीपरवर चिडलेला आणि स्टोअरकीपर स्क्रीनकडे बोट दाखवतोय. मग वरून ठरलेलं निदान येतं : आपल्या लोकांना बदल नको असतो. मला हे निदान अन्यायाचं वाटतं. याच लोकांनी साधं लेथ सोडून सीएनसी आपलीशी केली. प्रोग्रॅम वाचायला शिकले, ऑफसेट टाकायला शिकले, कारण हाताखालचं काम त्याने सुधारत होतं.

बिलिंगचंच बघा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, पुढच्या एप्रिलमध्ये ई-वे बिल आलं. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२०मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवरच्या कारखान्यांपर्यंत उतरली. तक्रारी झाल्या, पण ते काम रुळलं. कागद नाही तर गाडी हलत नाही, हे बिल करणाऱ्याला त्याच क्षणी कळतं. घोडं अडतं ते शॉप फ्लोअरवर.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९मध्ये सॉफ्टवेअरच्या स्वीकाराविषयी मांडलेलं प्रारूप आजही व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवतात. माणूस दोन गोष्टी पाहतो : याने माझं काम सुधारेल का, आणि हे वापरायला सोपं आहे का. त्यांच्या अभ्यासात पहिल्या प्रश्नाचं पारडं स्पष्टपणे जड निघालं. मात्र ती माणसं स्वतःच्या कामासाठी स्वतः साधन वापरणारी होती. ईआरपीत एंट्री एकाची आणि रिपोर्ट दुसऱ्याचा. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८मध्येच, अनेकांनी मिळून वापरायच्या सॉफ्टवेअरबद्दल, यावर बोट ठेवलं होतं : ज्याला जास्तीचं काम पडतं त्याला फायदा मिळत नसेल, तर अशी यंत्रणा ढासळते. आपल्या कारखान्यांचं दुखणं मला या एका वाक्यात सापडतं.

रात्रपाळी घ्या. स्टोअरला कुलूप आहे. मशीनवरचा इन्सर्ट तुटतो. सुपरवायझर किल्ली घेऊन नवा काढतो, चिठ्ठी लिहितो, खिळ्याला टोचतो. सकाळी स्टोअरकीपर इनवर्डच्या गाड्यांत अडकतो आणि चिठ्ठ्यांची एंट्री दुपारनंतर होते. तोवर खरेदी विभागाने सिस्टीममधला शिल्लक आकडा पाहून ऑर्डर पुढे ढकललेली असते. दुसरीकडे जॉब पूर्ण झाला की बीओएमप्रमाणे, म्हणजे कशाला किती माल लागतो त्या यादीप्रमाणे, कच्चा माल सिस्टीममध्ये आपोआप वजा होतो. बीओएममध्ये बारचा कटिंगमध्ये जाणारा भाग धरलेलाच नसेल, तर प्रत्येक जॉबला रॅकवरचा साठा सिस्टीममधल्या साठ्यापेक्षा थोडा मागे पडतो. वर्षअखेरीच्या मोजणीत तूट निघते आणि जाब विचारला जातो स्टोअरकीपरला. बीओएम भरणारा तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो.

म्हणून स्टोअरकीपर ड्रॉवरमध्ये जुनं रजिस्टर चालू ठेवतो. सल्लागार त्याला विरोध म्हणतात. मला तो त्याच्याजवळचा एकमेव पुरावा वाटतो.

मशीन बंद पडल्याचं कारण ऑपरेटरने स्क्रीनवर निवडायचं, तिथेही असंच. त्या कारणावरून इन्सेन्टिव्ह कापला जाणार असेल तर तो ‘इतर’ निवडणार. हा आळस नाही. स्क्रीन मराठीत करा, बारकोड द्या, जरूर द्या. पण भीती त्याने जात नाही.

फ्लोअरवरच्या माणसांना न विचारणं बड्या कंपन्यांनाही महागात पडलं आहे. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९मध्ये हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर नवी यंत्रणा चालू केली आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकल्या. घाई हे मोठं कारण होतंच. शिवाय हंगामात जास्तीचा माल जिथे तात्पुरता ठेवत, त्या जागा सिस्टीममध्ये गोदाम म्हणून नोंदलेल्याच नव्हत्या, असं त्या प्रकरणाच्या अभ्यासात आलं आहे. अशा जागा माल हलवणाऱ्या माणसांना माहीत असतात. त्यांना विचारावं लागतं.

नॉर्वेत कामगारांना विचारलं गेलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोखंड व धातू कामगार संघटनेने संगणकतज्ज्ञ क्रिस्टन न्यूगोर यांना सोबत घेऊन कारखान्यात येऊ घातलेल्या नियोजन यंत्रणा कामगारांच्या बाजूने तपासल्या. पुढे १९७५मध्ये मालक आणि कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांत करार झाला. नव्या यंत्रणेची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा कामगारांचा हक्क ठरला आणि त्यासाठी स्वतःचा प्रतिनिधी निवडायची सोय झाली.

आपल्याकडे डेमोला मालक, अकाउंट्स आणि आयटीवाले बसतात; स्टोअरला थेट ट्रेनिंगच्या दिवशी बोलावणं जातं. तोवर स्क्रीन ठरलेल्या, कोड ठरलेले आणि गो-लाइव्हची तारीखही दिलेली असते, पुष्कळदा ऐन दिवाळीच्या डिस्पॅचमध्ये. एंट्रीला लागणारा वेळ पाळीच्या कामात धरायला हवा, पहिल्या तिमाहीतल्या चुकांवर मेमो निघता कामा नये, आणि बीओएममधली वजनं प्रत्यक्ष बार कापणाऱ्याकडून तपासून घ्यायला हवीत. डेमोला रात्रपाळीचा सुपरवायझर हवा, आणि डेमोची वेळ त्याची पाळी बघून ठरवायला हवी.