नाण्यावरचे तीन हिरवे

शिवराई हाती आली की मालकाचा पहिला प्रश्न बहुधा इतिहासाचा नसतो. तो असतो, 'हे साफ कशाने करू?' नाणेसंग्राहकांच्या मोबाइलवरील गटांत असा फोटो आला की पाच मिनिटांत उत्तरांची रीघ लागते. चिंच, लिंबू-मीठ, टूथपेस्ट, राख. सांगणारे प्रेमानेच सांगतात. तांब्या-पितळेची भांडी आपण पिढ्यान्‌पिढ्या अशीच उजळत आलो. मात्र तांब्याचा वरचा पातळ थर गेला तरी पाणी तेवढेच मावते. शिवराईचे वाचण्याजोगे सारे त्या थरातच असते.

तांबे शेकडो वर्षे हवेत किंवा मातीत राहिले की त्यावर तपकिरी, काळपट वा हिरवट थर चढतो. तो मळ नव्हे. धातूचाच बाहेरचा भाग हवा-पाण्याशी संयोग पावून तसा झालेला असतो, आणि अक्षरांच्या बारीक कडा अनेकदा त्यातच टिकलेल्या असतात. चिंचेतले आम्ल तो विरघळवते, घासल्याने उरलेला जातो आणि हाती एक गुलाबीसर चकती राहते. शिवराई 1674च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झाली आणि पुढे पेशवाईतही पाडली जात राहिली. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', एवढाच मजकूर. पण वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, 'श' की 'स', ओळींमध्ये दोन आडव्या रेघा आहेत की नाहीत, यावरून अभ्यासक तिचे प्रकार लावतात. चकचकीत शिवराईवरची वेलांटी पुसट झाली, तर तो पुरावा परत आणता येत नाही.

म्हणून जाणकार 'अजिबात हात लावू नका' म्हणतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. पण फोटोत दिसणारा हिरवा रंग तीन प्रकारचा असू शकतो. एक घट्ट बसलेला, गुळगुळीत. त्याला खरोखरच हात लावू नये. दुसरा फिकट, भुकटीसारखा, टोकरल्यास सुटणारा. हा तांब्याचा रोग. धातूत मुरलेले क्लोराइड, दमट हवा आणि प्राणवायू यांच्या संयोगाने आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते आणि चक्र चालूच राहते. कोकणातल्या पावसाळ्यात असे नाणे नुसते ठेवून देणे म्हणजे ते खड्ड्याखड्ड्यांनी पोखरू देणे. ते कोरडे करून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत ठेवावे आणि जाणत्या माणसाला दाखवावे. तिसरा हिरवा चिकट लागतो. तो मऊ पीव्हीसी पाकिटांची देणगी. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये भिजवल्यास सहसा निघतो. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतो, म्हणून हे काम खिडकी उघडून, गॅसपासून दूर करावे. नखांचे रंग काढायचे द्रावण मात्र चालत नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात.

तीन हिरवे, तीन उपाय, आणि फोटोत तिघे सारखेच. त्यामुळे उत्तर देण्याआधी जो 'बोटाला कसा लागतो? आजवर कशात ठेवले होते? आधी काही लावले का?' असे विचारतो, त्याचाच सल्ला मी वजनदार मानतो. वजन, व्यास आणि कडेचा फोटो न मागता 'शंभर टक्के अस्सल' म्हणणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.

अडचण आणखी एक आहे. नाणे उजळले की त्याच दिवशी फोटो येतो, अंगठे वर होतात. वर्षभराने त्याच नाण्यावर डाग उमटले, तर तो फोटो सहसा कुणी टाकत नाही. सल्ला देणाऱ्याला आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले ते कळतच नाही, आणि तोच सल्ला तो पुढच्याला तितक्याच खात्रीने देतो. नवख्याने म्हणूनच निःसंकोच विचारावे, 'असे केलेल्या तुमच्या नाण्याचा दोन पावसाळ्यांनंतरचा फोटो आहे का?'

नाणे कुठे मिळाले, हेही कुणी फारसे विचारत नाही. जमिनीत पुरलेले सापडले असेल, तर साफसफाईच्या आधी 1878चा भारतीय निखात निधी कायदा येतो: दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. त्या नाण्याची माती तशीच राहू द्यावी.