खाऱ्या पाण्याच्या घरगुती जलतरण तलावाची जलगुणवत्ता

खाऱ्या पाण्याचा जलतरण तलाव म्हणजे ज्यातील पाण्यात मीठ विरघळवून त्यापासून विजेच्या साहाय्याने जागच्या जागी क्लोरीन तयार केला जातो असा तलाव होय. असा तलाव क्लोरीनमुक्त असतो, हा समज चुकीचा आहे. नेहमीच्या तलावात क्लोरीन बाहेरून घातला जातो, तर येथे तो मिठापासून मिळतो, एवढाच दोहोंतील फरक. या पाण्यात मिठाचे प्रमाण साधारणतः ३,००० ते ४,००० मिलिग्रॅम प्रति लिटर असते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० असते. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यासारख्या कोरड्या हवेच्या व जड भूजलाच्या प्रदेशात अशा तलावाच्या देखभालीत पाण्याचा जडपणा, बाष्पीभवन आणि खाऱ्या पाण्याचा निचरा हे तीन प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात.

कार्यपद्धती

पंपाने खेचलेले पाणी गाळणीतून क्लोरीन निर्मिती संचाकडे जाते. या संचात रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. विद्युत अपघटनाने धनाग्रावर क्लोरीन, तर ऋणाग्रावर हायड्रोजन वायू व हायड्रॉक्साइड तयार होतात. क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनते व तेच जंतू आणि शेवाळ यांचा नाश करते. आपले काम झाल्यावर त्याचे पुन्हा क्लोराइडमध्ये रूपांतर होते. त्यामुळे मीठ खर्ची पडत नाही. बाष्पीभवनानेही ते कमी होत नाही. पाणी बाहेर उडणे, गाळणीची उलट धुलाई आणि तलाव रिकामा करणे यांमुळेच ते घटते.

संच केवळ पंप चालू असतानाच क्लोरीन निर्माण करतो. वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यास उन्हाळ्यात पाणी लवकर हिरवे पडू लागते. अशा वेळी द्रवरूप क्लोरीन हाताने घालावा लागतो.

मुख्य घटक व त्यांच्या मर्यादा

मुक्त क्लोरीन: १ ते ३ मिलिग्रॅम प्रति लिटर. घाम, लघवी इत्यादींतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी संयोग होऊन क्लोरामाइने तयार होतात. डोळ्यांची जळजळ आणि उग्र वास बहुधा त्यांच्यामुळे असतो. म्हणून असा वास हे क्लोरीन जास्त झाल्याचे नव्हे, तर अनेकदा मुक्त क्लोरीन अपुरा पडल्याचे लक्षण असते.

सामू: ७.२ ते ७.८. सामू ७.५ असताना क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग प्रभावी आम्लरूपात असतो. सामू ८ झाल्यास हे प्रमाण जवळपास एक चतुर्थांशापर्यंत घसरते. खाऱ्या तलावात हायड्रोजनच्या बुडबुड्यांमुळे कार्बन डायऑक्साइड निघून जातो व सामू सतत वर सरकतो. तो खाली आणण्यासाठी सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात.

एकूण विम्लता: ८० ते १२० मिलिग्रॅम प्रति लिटर. ही सामूला स्थैर्य देते. ती वाढविण्यासाठी खाण्याचा सोडा घालतात. ४८,००० लिटर पाण्यात विम्लता १० मिलिग्रॅमने वाढविण्यास सुमारे ८०० ग्रॅम सोडा लागतो.

जडपणा (कॅल्शियम): २०० ते ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर. तो फार कमी असल्यास सिमेंटचा गिलावा झिजतो. फार जास्त असल्यास चुन्याची पुटे चढतात.

सायन्युरिक आम्ल: साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम प्रति लिटर. काही उत्पादक आपल्या संचासाठी याहून अधिक सुचवितात. ते सूर्यप्रकाशापासून क्लोरीनचे रक्षण करते, परंतु त्याचे प्रमाण फार वाढल्यास क्लोरीनची क्रिया मंदावते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

जिल्ह्याचा बहुतांश भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आणि बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग वगळता पाऊस कमी व अनिश्चित असतो. घरगुती तलाव विंधन विहिरीच्या (बोअरवेलच्या) पाण्याने भरल्यास त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत येतात.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास दिवसाला २५६ लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे ७,७०० लिटर पाणी उडून जाते. ते ४०० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्याने भरून काढल्यास तलावाचा जडपणा दरमहा सुमारे ६४ मिलिग्रॅमने वाढतो, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत. यामुळे संचाच्या पट्ट्यांवर पांढरी पुटे जमतात आणि क्लोरीनची निर्मिती घटते. तलावावर आच्छादन घालणे आणि छतावरील पावसाचे पाणी गाळून तलावात घेणे हे यावरील सोपे उपाय आहेत.

देखभाल

मुक्त क्लोरीन व सामू आठवड्यातून दोन-तीन वेळा, विम्लता आठवड्याला, तर मीठ, जडपणा व सायन्युरिक आम्ल महिन्याला तपासतात. दुरुस्ती करताना आधी विम्लता व नंतर सामू जुळवितात. मीठ घालताना १,००० लिटर पाण्यात १ किलो मिठाने प्रमाण १,००० मिलिग्रॅमने वाढते, असा हिशेब धरतात. वरील तलावाला ३,५०० मिलिग्रॅमसाठी सुमारे १६८ किलो मीठ लागते. भरलेल्या पाण्यात मुळात असलेले मीठ त्यातून वजा करतात. शुद्ध व आयोडीनविरहित मीठ वापरतात. खडे मिठातील मातीमुळे पाणी गढूळ होते व मॅग्नेशियममुळे जडपणा वाढतो. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत पंप चालू व क्लोरीन निर्मिती बंद ठेवतात.

आम्ल नेहमी पाण्यात ओततात, आम्लात पाणी कधीही ओतत नाहीत. विरंजक चूर्ण (टीसीएल पावडर) व क्लोरीनच्या इतर गोळ्या एकत्र मिसळल्यास आग लागू शकते. क्लोरीनयुक्त पदार्थ आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खाऱ्या पाण्याचा निचरा

तलाव रिकामा केला तरी त्यातील मीठ नष्ट होत नाही. ते जमिनीत किंवा विहिरीत जाते. अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार २,००० मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा अधिक विरघळलेले क्षार असलेल्या पाण्याच्या सिंचनवापरावर कडक मर्यादा येतात. तलावाचे पाणी या मर्यादेच्या बरेच वर असते. मिठातील सोडियममुळे काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण सुटे होतात, जमिनीचा पोत बिघडतो आणि पाणी मुरेनासे होते.

जिल्ह्याला हा धोका नवा नाही. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पुढे कालव्यांच्या लाभक्षेत्रात ऊस वाढला. सखल भागांत निचऱ्याअभावी भूजलपातळी वर येऊन क्षारपड व चोपण जमिनी निर्माण झाल्या. चोपण जमीन सुधारण्यासाठी जिप्सम घालणे आणि निचऱ्याचे चर काढणे असे खर्चिक उपाय करावे लागतात.

म्हणून तलावाचे पाणी शेतात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडणे टाळतात. गाळणीची उलट धुलाई गरजेपुरतीच करतात, पाणी पूर्ण बदलण्याऐवजी घटकांचे संतुलन राखतात आणि निचरा करावाच लागल्यास त्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेची परवानगी घेतात. पाण्याची गुणवत्ता नियमित राखली असता तलाव रिकामा करण्याची वेळ क्वचितच येते. जमिनीचे मिठापासून रक्षण करण्याचा तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

हे सुद्धा पहा

विद्युत अपघटन
पाण्याचा जडपणा
क्षारपड जमीन
भंडारदरा धरण