कॉफीच्या बैठकीत ठरतो पुढारी

कोकणातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी कुवेत, दुबई, मस्कत अशा ठिकाणी कामाला असतं. तिकडून खजूर येतो, अत्तर येतं, पैसे येतात. पण तिथली माणसं आपला पुढारी कुणाला मानतात, का मानतात, हे सुट्टीवर आलेलं माणूस सहसा सांगत बसत नाही. आज त्यावर बोलू या.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. अरब म्हणजे काही एक देश नाही. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत पसरलेले बावीस देश अरब राष्ट्रसंघात आहेत. सगळ्यांना एकाच सुपात पाखडायला गेलं तर हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच देश घेते, कुवेत. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा. तेल निघायच्या आधी तिथली माणसं दोन धंद्यांवर जगत होती. एक समुद्रातून मोती काढणं आणि दुसरा जहाजावरचा व्यापार. त्यांचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे आणि १९६१ पर्यंत कुवेतमध्ये चक्क रुपया चालायचा.

आता 'शेख' हा शब्द घ्या. आपल्याला वाटतं शेख म्हणजे श्रीमंत राजा. मूळ अरबी अर्थ आहे वयस्कर माणूस, वडीलधारा. वाळवंटातल्या टोळीच्या शेखाकडे ना पोलीस होते ना तुरुंग. त्याचा शब्द लोक का मानायचे? तो आल्या-गेल्याला जेवू घालायचा, दोन घरांतली भांडणं मिटवायचा आणि निर्णयाआधी चार जाणत्यांना विचारायचा. त्याच्या मागून थोरल्या मुलालाच मान मिळेल असंही नव्हतं. घराण्यातला जो लायक दिसेल त्याच्याभोवती लोक जमायचे. आणि शेख वाईट निघाला तर? उंट घेऊन लोक दुसऱ्या टोळीकडे निघून जायचे.

विचारून निर्णय घेण्याला अरबीत 'शूरा' म्हणतात. कुराणातल्या बेचाळिसाव्या अध्यायाचं नावच ते आहे. त्याच ग्रंथात शेबाच्या राणीची गोष्टही आहे. सुलेमान राजाचं पत्र आल्यावर ती आधी आपल्या सरदारांना विचारते. ते म्हणतात, आम्ही लढायला तयार आहोत, पण हुकूम तुमचा. ती लढाईच्या वाटेला जात नाही, आधी भेटवस्तू पाठवून पाहते. धर्मात बाईला पुढारपण नाही असं कोणी म्हणालं, की तिकडच्या बायका या राणीकडे बोट दाखवतात.

हे विचारणं-सांगणं होतं कुठं? बहुतेक आखाती देशांत त्या जागेला 'मजलिस' म्हणतात, कुवेतमध्ये 'दिवानिया'. आपल्या जुन्या वाड्यातली बाहेरची ओसरी डोळ्यांपुढे आणा. घराला लागून एक मोठी खोली, भिंतीकडेनं बैठका, आणि दार वेगळं, म्हणजे येणाऱ्या पुरुषाला घरातल्या बायकांच्या वाटेनं जावं लागत नाही. ठरलेल्या वारी संध्याकाळी लोक जमतात. वेलदोडा घातलेली फिकट कॉफी येते, मूठभर कपात. उजव्या हातानं द्यायची, उजव्या हातानं घ्यायची. बास झालं की कप हलवून परत द्यायचा, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. बदू लोकांमध्ये तर आणखी एक रीत आहे. पाहुण्यानं कप न पिता खाली ठेवला, की यजमानानं ओळखायचं, याचं काहीतरी मागणं आहे. यजमान 'तुझं काम होईल' म्हणाला की मग पाहुणा कॉफी पितो.

तुम्ही म्हणाल, पुढारपणाचा आणि कॉफीचा काय संबंध? संबंध असा, की कुवेतमध्ये राजकीय पक्षांना कायद्यानं मान्यता नाही. सभा-मोर्चांवरही बंधनं होती. मग राजकारण घरात आलं. घरातल्या बैठकीत सरकारनं घुसणं हा अपमान समजला जातो. १९८६ मध्ये अमीरांनी संसद बरखास्त केली, तेव्हा १९८९ च्या अखेरीस लोक दर सोमवारी कुणाच्या ना कुणाच्या दिवानियात जमून 'संसद परत द्या' म्हणू लागले. निवडणुकीत उमेदवार एका रात्रीत कितीतरी दिवानिया फिरायचा. काही टोळ्या तर आपला उमेदवार आधीच आपसात निवडून मोकळ्या व्हायच्या. १९९८ मध्ये याला कायद्यानं बंदी आली, तरी ते चालूच राहिलं.

पण सगळं काही संस्कृतीमुळेच होतं असं मला वाटत नाही. आता मला फार आवडणारी एक गोष्ट सांगते. १९१० च्या सुमाराला कुवेतचा शासक मुबारक यानं मोत्याच्या धंद्यावर जादा कर बसवला. मोठे मोती-व्यापारी चिडले, जहाजं आणि माणसं घेऊन सरळ देश सोडून गेले. आता कर गोळा करायचा कुणाकडून? शेवटी मुबारकाला त्यांची मनधरणी करून परत आणावं लागलं. त्याची तिजोरी त्यांच्या पैशावर चालत होती, म्हणून त्यांचा सल्ला त्याला ऐकावा लागायचा. मग १९४६ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली. पैसा थेट शासकाकडे येऊ लागला आणि त्याच्याकडून लोकांकडे जाऊ लागला. नोकरी त्याची, शाळा त्याची, दवाखाना त्याचा. धर्म तोच, कॉफीही तीच, पण विचारून निर्णय घ्यायची गरज कमी झाली. आपल्या गटातसुद्धा बघा, पैसा आपल्या वर्गणीचा असतो तेव्हा अध्यक्षाला हिशेब विचारायला जीभ रेटते. बाहेरून आलेल्या निधीचा हिशेब कोण विचारतं?

असंच 'वास्ता' या शब्दाचं झालं. त्याच्या मुळाशी 'मध्य' असा अर्थ आहे. पूर्वी दोन टोळ्यांत खून झाला की मध्ये पडून समेट घडवणारा माणूस म्हणजे वास्ता, आणि ते मोठं पुण्याचं काम होतं. आज वास्ता म्हणजे ओळख, वशिला. कुवेती लोक थट्टेनं त्याला एक जीवनसत्त्वच म्हणतात, 'व्हिटॅमिन वाव', वास्ताच्या पहिल्या अक्षरावरून. पुढारी मोठा का? तर तो आपल्या माणसाची कामं करून देतो म्हणून. आणि ज्याची ओळख बैठकीत बसणाऱ्यांशी नाही, त्याचं काम अडतं.

बैठकीत कोण नव्हतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. मोत्यांच्या दिवसांत पुरुष उन्हाळ्याचे चार महिने समुद्रावर असायचे आणि मागं घर बायका चालवायच्या. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि सात महिने राहिल्या. तेव्हा बायकांनी मोर्चे काढले, निरोप पोचवले, औषधं लपवून नेली. अस्रार अल्-कबंदी या प्रतिकारातल्या बाईला इराकी सैनिकांनी जिवे मारलं. देश मोकळा झाला, १९९२ मध्ये निवडणूक झाली, आणि मतदान फक्त पुरुषांनी केलं. १९९९ मध्ये अमीरांनी वटहुकूम काढून बायकांना मताचा हक्क दिला, तर निवडून आलेल्या संसदेनं तो फेटाळला. गंमत बघा, राजा हक्क देत होता आणि लोकांनी निवडलेले लोक नाही म्हणत होते. कारण त्यांना निवडणारे सगळे दिवानियातलेच.

अखेर १६ मे २००५ ला कायदा मंजूर झाला, ३५ विरुद्ध २३ मतांनी. महिन्याभरात डॉ. मसूमा अल्-मुबारक पहिल्या महिला मंत्री झाल्या. त्या शपथ घेत होत्या तेव्हा काही सदस्यांनी आरडाओरडा केला, तरी त्यांनी शपथ पुरी केली.

पण २००६ ची निवडणूक झाली. मतदार यादीत निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि एकही बाई निवडून आली नाही. २००८ मध्येही नाही. 'बायकाच बायकांना मत देत नाहीत' असं लगेच म्हटलं गेलं. हे वाक्य तुमच्याही कानावरून गेलं असेल. खरं काय होतं? २००६ ची निवडणूक अचानक लागली, तयारीला वेळ नव्हता. मतदारसंघ पंचवीस, प्रत्येकात दोनच जागा. एवढ्याशा जागेत टोळीचा आणि घराण्याचा माणूस सोडून कोण बाईला मत देणार? नंतर मतदारसंघ पाच झाले, प्रत्येकात दहा जागा आणि प्रत्येकाला चार मतं. आता तीन मतं घरच्यांनी सांगितलेल्यांना देऊन चौथं आपल्या मनानं देता येऊ लागलं. दरम्यान महिला उमेदवारांनी पुरुषांच्या दिवानियात जाऊन बोलायला सुरुवात केली. काही ठिकाणी दार उघडलं, काही ठिकाणी नाही. मे २००९ मध्ये पन्नास जागांपैकी चार बायकांनी जिंकल्या, मसूमा अल्-मुबारक, असील अल्-अवादी, रोला दश्ती आणि सल्वा अल्-जस्सार. चौघीही डॉक्टरेट केलेल्या. मला वाटतं यातही एक खोच आहे. पुरुषाला निवडून यायला घराण्याचं नाव पुरतं, बाईला विद्यापीठाची पदवी घेऊन उभं राहावं लागतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं दोन निकाल दिले. एक असा, की बाईला पासपोर्ट काढायला नवऱ्याची संमती लागणार नाही. दुसरा असा, की महिला सदस्यांनी संसदेत डोक्यावरून रुमाल घेतलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. चौघींपैकी दोघी रुमाल घेत नव्हत्या, त्यावरूनच तो दावा झाला होता.

पुढची वाट काही सरळ गेली नाही. २०२० च्या निवडणुकीत पुन्हा एकही बाई आली नाही. आणि मे २०२४ मध्ये अमीरांनी संसदच विसर्जित केली, घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. म्हणजे ज्या मतासाठी कुवेतच्या बायका तीसेक वर्षं भांडल्या, ते टाकायला पेटीच उरली नाही. पुरुषांनाही नाही. पण दिवानियातली कॉफी चालूच आहे, आणि आता काही दिवानिया बायकांनी स्वतः चालवलेल्याही आहेत.