एरिकेसी कुल कसे ओळखावे?

स्कॉटलंडच्या माळांवरील हेदर, खाण्याची ब्ल्यूबेरी आणि हिमालयातील बुरांश यांत वरकरणी काहीच साम्य दिसत नाही. एक वीतभर उंचीचे झुडूप, तर दुसरा चांगला वृक्ष. तरीही वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्वांना एरिकेसी या एकाच कुलात ठेवतात. या कुलात सुमारे ४००० जाती आहेत. ते ओळखायचे कसे?

पाने साधी, बहुधा जाड व चिवट असतात. त्यांना उपपर्णे नसतात. झाडे बहुतेक आम्लधर्मी मातीत वाढतात. परंतु ही लक्षणे इतरत्रही आढळतात. म्हणून आम्ही भिंग घेऊन फुलाकडे वळतो.

पाकळ्या बहुधा जुळून घंटा किंवा सुरई तयार होते. जुळलेल्या पाकळ्यांच्या बहुतेक फुलांत पुंकेसर पाकळ्यांना चिकटलेले असतात आणि त्यांची संख्या पाकळ्यांइतकी किंवा कमी असते. एरिकेसीत मात्र ते सहसा पाकळ्यांपासून सुटे आणि संख्येने दुप्पट असतात. बुरांशात पाकळ्या पाच, पुंकेसर दहा. एरिका प्रजातीत पाकळ्या चार, पुंकेसर आठ. अपवादही आहेत. कुंडीतल्या काही अझेलियांत पाचच पुंकेसर असतात.

अशा वेळी परागकोश पाहावेत. बहुसंख्य फुलांचे परागकोश उभ्या चिरेने फुटतात. एरिकेसीचे बहुधा टोकाशी असलेल्या छिद्रांनी उघडतात. हे वर्गात दाखवायला वांग्याचे फूल पुरेसे आहे. उमललेल्या फुलाला टिचकी मारली, की टोकाच्या छिद्रांतून पराग झडतात. मग वांगे याच कुलातले का नाही? कारण त्याचे पुंकेसर पाच आणि पाकळ्यांना चिकटलेले असतात. एका लक्षणावरून कुल ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना येथे सहज पटते.

आता अंडाशय पाहा. तो बुरांशात पाकळ्यांच्या तळाच्या वर असतो, ब्ल्यूबेरीत खाली. म्हणून ब्ल्यूबेरीच्या टोकाला निदलपुंजाचा मुकुट राहतो, जसा पेरूला राहतो.

कुल ओळखले म्हणजे वनस्पती खाण्याजोगी ठरली, असे मात्र नाही. उत्तराखंडात बुरांशाच्या फुलांचे सरबत करतात; पण त्याच ऱ्होडोडेंड्रॉन प्रजातीतील अनेक जातींत ग्रायानोटॉक्सिन हे विष असते आणि त्यांच्या मधानेही विषबाधा होते. सहलीत भिंग जरूर वापरावे. जीभ वापरू नये.